कोटातलं एकच खरं कातडं

या, असे पुढं या. दाराशी बसून चपलांवर डोळा ठेवलात तर कथा कानात शिरायची नाही, आणि ज्या चपला जायच्या त्या जातातच. मांडीला मांडी लावून बसा. गोष्ट आपल्या म्हैसूरची, हूटगळ्ळीच्या नागोजीरावांची. तिच्यात हसू पुष्कळ आहे. पण उत्तररंगात बुवा एकाएकी आवाज खाली आणतात ना, तशी ती खाली येते. आली की उठून जाऊ नका. एवढा शब्द द्या, बाकीचं मी सांगतो.

तर नागोजीरावांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर वर, एक काळविटाचं कातडं टांगलेलं होतं. पाहुण्यांना वाटे शिकारीचं. नागोजीराव तसं वाटू देत. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. नागोजीरावांनी स्वतः हेब्बाळच्या कारखान्यात नट-बोल्टांचं कोठार सांभाळलं. पण मिशी त्यांनी पूर्वजांसाठी राखली होती. खरं म्हणजे ते कातडं वडिलांचं जपाचं आसन. वडील कीर्तनकार. घरात त्याला अजिन म्हणत आणि त्याच्यावर पाय पडला तर कानाला हात लावत. वडील गेल्यावर वाटणी झाली. थोरल्या मोहनरावांकडे, म्हणजे घरातल्या अण्णांकडे, चिपळ्या गेल्या, झांजा गेल्या, वडिलांचा आवाज तर आधीच गेला होता. धाकट्या नागोजीरावांना आलं अजिन. मोहनराव लष्कर मोहल्ल्यातल्या जुन्या घरात राहून गावोगाव कीर्तनं करत राहिले. नागोजीरावांनी अजिन भिंतीवर ठोकलं आणि भावाच्या कीर्तनाला जाणं हळूहळू सोडलं. भांडण काही नव्हतं. पार्किंग मिळत नाही, एवढंच.

मग मोहनरावांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही काढला. ज्या माणसानं चाळीस वर्षं माणसं रडवली-हसवली तो आता मांडीवर पाटी घेऊन खडूनं बोलू लागला. आणि गाठ पुन्हा आली.

श्रावणातल्या एका सकाळी गौराबाईंचा, म्हणजे मोहनरावांच्या बायकोचा, फोन आला.

"भावोजी, हे अजिन मागतायत. पाटीवर लिहिलंय, शेवटचा जप बाबांच्या आसनावर करायचाय. डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ नाही. लवकर आणाल ना?"

"आणतो की, वहिनी! विचारायचं काय त्यात? रविवारी आणतो."

"आज नाही जमणार?"

"रविवारी नक्की."

बघा हां, इथंच पाय घसरला. पुढचं सगळं घरंगळणं आहे.

रविवार का, तर मुलगा विश्वजीत यानं त्या दिवसाची तिकिटं काढून ठेवली होती. हुणसूर रस्त्याला कुणीतरी एक नवा कोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला, बांधला होता. अडीचशे वर्षांपूर्वी जंगलातली माणसं कातडी, मध, मेण घेऊन यायची आणि मीठ नि कापड घेऊन जायची, तसला व्यापारी कोट. जाहिरातीत लिहिलं होतं, "जिवंत इतिहास! आत पाऊल टाका, काळ मागे जाईल." नात भव्या महिनाभर त्याच्याच मागे होती.

"आधी अण्णांकडे अजिन पोचवा," सरस्वतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मग हिंडा तुमचे कोट."

"अगं, कोट एका टोकाला, लष्कर मोहल्ला दुसऱ्या टोकाला. गाडीत टाकतो, येताना देतो. एका पेट्रोलात दोन कामं."

"मरणाऱ्या माणसाला येताना देतात होय?"

"शुभ बोल जरा!"

कातडं भिंतीवरून उतरवताना शेजारचे सदाशिवराव आले. हे साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले. यांचं मराठी स्वच्छ आणि सल्ले त्याहून स्वच्छ.

"प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, नागोजीराव. घाम येतो."

"मेलेल्या हरणाला घाम?"

"कातड्याला येतो. कडुनिंबाचा पाला घाला, वर जुनी सुती साडी. आणि त्याचा फोटो काढून ठेवा, हल्ली सगळ्याचा पुरावा लागतो."

पुराव्याचा हा त्या माणसानं आयुष्यात दिलेला एकमेव योग्य सल्ला. तो मात्र कुणी ऐकला नाही.

रविवारी सगळे निघाले. गाडीत पुढं विश्वजीत आणि नागोजीराव, मागं सरस्वतीबाई, सून सुष्मा आणि भव्या, डिकीत साडीत गुंडाळलेलं अजिन. कोटाच्या दाराशी अंगरखा घातलेला पहारेकरी भाला आडवा धरून उभा. तिथल्या नोकरांना सक्त ताकीद होती, काहीही झालं तरी जुन्या काळातून बाहेर यायचं नाही. याचा पहिला प्रसाद सुष्माला मिळाला.

"भाऊ, टॉयलेट कुठंय?"

"ते काय असतं, तायी?" पहारेकरी गंभीरपणे म्हणाला. "आमच्या पलटणीत तसलं नाही."

"अय्यो, सुम्ने, उगाच चेष्टा नको हो! मुलीला घाई आहे."

"तळ्यापलीकडं झाडी आहे, तायी. वाघाला जपून."

शेवटी तिनं तिकिटाच्या मागचा नंबर लावला, तेव्हा भिंतीआडून एका आधुनिक माणसानं हात करून रस्ता दाखवला.

आत व्यापाऱ्याचं दुकान. खांबांवर वाघ, चित्ते, अस्वलं टांगलेली. नागोजीरावांनी एका वाघाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. वाघ नायलॉनचा होता. पोटाच्या शिवणीत कोमट पाण्यात धुवायची सूचना लिहिलेली पट्टी होती. त्यात खेळ असा की, आलेल्या कुटुंबानं जवळची एखादी वस्तू व्यापाऱ्यापुढं ठेवायची; त्यानं तिची किंमत मिठात आणि कापडात सांगायची; मग फोटो, टाळ्या, आणि वस्तू परत. घरातल्या कर्त्या पुरुषाला पागोटं आणि लाकडी तलवार फुकट. लोक पाण्याच्या बाटल्या ठेवत होते, गॉगल ठेवत होते. एकानं सासूला ठेवलं.

नागोजीरावांच्या डोक्यावर पागोटं चढलं आणि त्याखाली जे काही होतं ते निवांत बसेना.

"याला कातडं म्हणतात? पडद्याचं कापड आहे हे! थांबा, खरं कसं असतं ते दाखवतो."

"अहो, बेड, नको!" सरस्वतीबाईंनी बाही धरली. "देवाचं आसन आहे ते. अण्णांचं आहे."

"दाखवतो नि आणतो. दोन मिनिटं."

डिकीतून अजिन आलं. साडी सुटली. काळ्या पाठीचं, पांढऱ्या पोटाचं ते जनावर वडिलांच्या बसण्यानं मधोमध झिजलेलं होतं. माणसं पुढं सरकली. व्यापारी झालेला पोरगाही आपला संवाद विसरला. नागोजीरावांनी तलवार जमिनीत रोवली, मिशी वर केली. आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसं त्यांच्याकडे बघत होती. विश्वजीतनं मोबाईल धरला.

आणि त्याच वेळी खाकी कपड्यातले तिघे जण आत आले.

आता नीट ऐका. कोटात वाघाची कातडी टांगलीत असा कुणीतरी वनखात्याकडे अर्ज केला होता. हे तिघे सकाळपासून नायलॉनचे वाघ उलटेसुलटे करून वैतागले होते. पुढचा रेंजर चांगला उंचापुरा. मिशीला पीळ, पट्ट्याला चकाकी, टोपी कोरी करकरीत. नागोजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाले, वा, मेकअप छान आहे. बोलणं झालं ते सगळं कन्नडमध्ये. तुमच्यासाठी मराठी करतो.

"हे कुणाचं?" रेंजरनं विचारलं.

"आमचं!" नागोजीराव गरजले.

"खरं आहे?"

"या कोटात एवढंच खरं आहे!"

टाळ्या पडल्या. टाळी फार वाईट, महाराज. भल्याभल्या बुवांना तिनं देवापासून तोडलंय. कोठाराच्या माणसाची काय कथा?

"कुणी मारलं?"

"आम्ही स्वतः! घोड्यावरून, एका भाल्यात!"

"कधी?"

इथं नागोजीराव क्षणभर अडले. काळ जुना आहे, तर आपणही त्या काळातच राहायला हवं, उगाच अडीचशे वर्षांपूर्वी म्हटलं तर खेळ मोडेल, असा प्रामाणिक विचार करून ते म्हणाले,

"गेल्या दसऱ्याला!"

"आणखी आहेत?"

"घरी कोठार भरलंय!"

भव्या नाचायला लागली. रेंजरनं शांतपणे हातानं वाट दाखवली. बाहेर हिरवी जीप. नागोजीराव जीपमध्ये चढले, तलवार उंचावून त्यांनी रयतेला निरोप दिला. जीपची फेरीही तिकिटात आहे हे त्यांना फार आवडलं.

"आधार कार्ड," रेंजर म्हणाला.

"आमच्या काळी कुठलं हो आधार कार्ड?" नागोजीराव खो खो हसले.

रेंजर हसला नाही. मागचा गार्ड हसला नाही. समोर एक जाळीदार पिंजरा होता आणि त्याला खऱ्या जनावराचा खरा वास येत होता. तेव्हा कुठं नागोजीरावांचं हसू ओठांवरच सुकलं.

विश्वजीत धावत आला. "सर, अप्पा खेळत होते! रोल करत होते!" त्याच्या मागून कोटाचा मॅनेजर सरदाराच्या वेषात पळत आला आणि अडीचशे वर्षं एका दमात ओलांडून आजच्या स्वच्छ भाषेत म्हणाला, "सर, ह्यांचा आणि आमचा काही संबंध नाही."

रेंजर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. तो म्हणाला, "काका, जुनं असेल. मलाही तसंच दिसतंय. पण मालकीचा दाखला आहे?"

दाखला नव्हता. असली जुनी कातडी नोंदवायला सरकारनं मुदत दिली होती तेव्हा मोहनरावांनी आठवण केली होती, आणि नागोजीराव म्हणाले होते, वडिलांच्या आसनाला कसला दाखला.

"मग कबुली तुम्हीच दिलीत, पन्नास लोकांसमोर. आणि तुमच्या मुलानं ती रेकॉर्ड केलीय."

अजिन जप्त झालं, मोबाईलही गेला. पण त्याआधी सुष्मानं तो व्हिडिओ 'आम्ही म्हैसूरकर मराठे' या ग्रुपवर टाकला होता, खाली तीन टाळ्या देऊन. संध्याकाळी घराची झडती झाली, कारण कोठार भरलंय असं आरोपीचं म्हणणं होतं. कोठारात नाचणीचं पोतं, बिघडलेला मिक्सर आणि भव्याचा कापसाचा चित्ता सापडला. चित्ता दोघांनी दाबून पाहिला. हे सगळं होईपर्यंत गल्ली गच्चीवर जमली होती. रात्री न्यायाधीशांच्या घरी उभं राहून जामीन मिळाला. दर सोमवारी रेंज ऑफिसात सही करायची अट. त्या गडबडीत पागोटं डोक्यावरच राहिलं होतं. ते उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

लष्कर मोहल्ल्याला त्या दिवशी कुणी गेलंच नाही.

सल्ले मात्र चालत आले. बकरीचं आहे म्हणा. सून माहेरून घेऊन आली म्हणा. सदाशिवरावांनी तर सुचवलं, "वेड लागलंय असं सर्टिफिकेट काढा. व्हिडिओ जोडा, लगेच मिळेल."

मंगळवारी नागोजीराव भावाकडे गेले. खोलीत औषधाचा वास, खिडकीखाली दुकानांचा कलकलाट. मोहनराव उशीला टेकून बसले होते; गळ्यात पांढरी पट्टी, अंगात सदरा की सदऱ्यात हाडं, सांगता येत नव्हतं. त्यांनी पाटी वळवली. "आसन?"

"अण्णा, ते जरा... ड्रायक्लीनला दिलंय. फार धूळ होती."

गौराबाईंनी मान फिरवली.  मोहनरावांनी पाटी पुसून सावकाश लिहिलं, "व्हिडिओ पाहिला."

नागोजीराव खाली बसले. ज्या मिशीसाठी एवढं सगळं केलं ती ओली झाली. मोहनरावांचे खांदे हलू लागले. गौराबाई पाणी घेऊन धावल्या, पण ते हसत होते. आवाज नसलेलं हसू कधी पाहिलंय? बघवत नाही. हसून झाल्यावर त्यांनी लिहिलं, "उभं राहायची ढब बाबांची. एवढी वर्षं कुठं होतास?"

आता काय, पार्किंग मिळत नाही म्हणायचं?

"अण्णा, मी वकिलाला सांगतो, साहेबांच्या पाया पडतो. अजिन आणतोच."

पाटीवर फक्त एक शब्द आला. "सोमवारी."

त्या सोमवारी मोहनरावांनी सहीला बरोबर यायचा हट्टच धरला. डॉक्टर नको म्हणाले, गौराबाई रडल्या, रिक्षावाल्यानं आजाऱ्याला घ्यायला खळखळ केली. विश्वजीतनं त्यांना दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं. त्याला पिशवी उचलल्यासारखं वाटलं, असं तो नंतर म्हणाला.

रेंज ऑफिस म्हणजे कौलारू बैठी इमारत. व्हरांड्यात एक माकड पिंजऱ्यात होतं, लोकांच्या स्वयंपाकघरात शिरल्याच्या आरोपावरून. नागोजीरावांनी सही केली. मग हात जोडले.

"साहेब, हा माझा थोरला भाऊ. याला फक्त एकदा त्या आसनावर बसू द्या. तुमच्यासमोर. मग परत सील करा."

रेंजरनं मोहनरावांच्या गळ्याकडे पाहिलं. टेबलावरचं पेन सरळ केलं.

"काका, सील कोर्टाचं आहे. ते मी तोडलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुमची केस आणखी बिघडेल. नाही देता येत."

नागोजीराव वाकून पायाला हात लावणार, तोच तो मागं सरकला. "नको, नको." मग गार्डला म्हणाला, "मुद्देमालाच्या खोलीचं दार उघड जरा. दमट झालीय. हवा लागू दे."

दार उघडलं. आत गंजलेले सापळे, एक सागाचा ओंडका, आणि फळीवर पांढऱ्या कापडात शिवलेलं, लाखेचे ठिपके दिलेलं एक गाठोडं. मोहनरावांनी उंबऱ्याबाहेर, उघड्या सिमेंटवर बसकण मारली. कुणी सतरंजी आणू लागलं तर हातानं नको म्हणाले. पिशवीतून चिपळ्या काढल्या. त्या वाजल्या. तोंड उघडलं, आणि पट्टीखालून नुसता वारा आला.

त्यांनी पाटी धाकट्यापुढं केली. "तू म्हण."

"मला येत नाही, अण्णा."

खडू करकरला. "त्या दिवशी तर येत होतं."

नागोजीराव भावाशेजारी सिमेंटवर बसले. इकडं कारकून, तिकडं गार्ड, समोर कोर्टाचं सील. त्यांनी डोळे मिटले आणि 'राम कृष्ण हरी' उचललं. आवाज कसा, तर जुन्या शटरसारखा. पहिल्याच ओळीला माकड किंचाळलं. दुसरीला ताल चुकला आणि मोहनरावांनी चिपळीनं त्यांच्या गुडघ्यावर टोला दिला. पुन्हा. पुन्हा चुकला, पुन्हा टोला. नागोजीराव रडत होते, चुकत होते, मार खात होते आणि नाम घेत होते. हळूहळू ताल बसला. टोले थांबले. कारकुनानं टायपिंग थांबवलं. माकडही का कोण जाणे, गजाला धरून गप्प बसलं. मोहनरावांचे ओठ हलत होते, डोळे त्या गाठोड्यावर होते.

रेंजर पाठ करून खिडकीशी उभा होता. फोन वाजला तो त्यानं घेतला नाही.

मोहनराव त्याच आठवड्यात गेले. घरात एक जुना जमखाना अंथरला होता, त्याच्यावर. नागोजीराव रात्रभर उशाशी नाम घेत होते. शेवटी शेवटी चिपळीचा टोला बसला नाही, आणि ताल बरोबर आला म्हणून बसला नाही की हात उचलला नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही.

केस अजून चालू आहे. तारखेला तो व्हिडिओ लावतात आणि दर वेळी 'गेल्या दसऱ्याला' म्हटलं की कोर्टात कुणीतरी हसतं. हूटगळ्ळीच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर भिंतीवर चार पायांची एक फिकट जागा राहिली आहे. सदाशिवराव म्हणतात, रंग मारून घ्या. नागोजीराव मारत नाहीत. रोज सकाळी टीव्ही बंद करून त्या जागेखाली उघड्या फरशीवर बसतात आणि बेसूर नाम घेतात.

परवा सोमवारी सही करताना त्यांनी रेंजरला विचारलं, "साहेब, निकाल लागल्यावर त्याचं काय करता?"

"जाळतात, काका. बाकीच्या कातड्यांबरोबर. नियम आहे."

"ठीक. मला त्याचा दिवस तेवढा कळवाल? त्या दिवशी अण्णांच्या नावानं आंघोळ करीन म्हणतो."

रेंजरनं मान खाली घातली. "दिवस कळवायची पद्धत नाही, काका."

झालं. एवढीच कथा. तुम्ही उठला नाहीत, शब्द पाळलात, आता एक मागणं आहे. ते आसन कधी जळेल हे आपल्याला कुणी सांगणार नाही. आज जळेल, पुढच्या वर्षी जळेल, तुम्ही जेवत असाल तेव्हा जळेल. म्हणून कुठल्याही दिवशी, जमिनीवर बसायची वेळ आली की अंगाखाली काही ओढून घ्यायच्या आधी क्षणभर थांबा, आणि लष्कर मोहल्ल्याच्या मोहनरावांची आठवण काढा. आवाज चांगला नसला तरी चालेल. ताल सांभाळा.